गाड्या वाढवा, पण त्यांना वाटही द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुण्यासाठी नव्या बसगाड्या येणार असल्याची बातमी आपल्या अंकात वाचली आणि मनापासून आनंद झाला. उभं आयुष्य बसच्या संगतीत गेलेल्या माणसाला असा आनंद होणारच. बातमीत गाड्यांची संख्या होती, किंमत होती, इंधन कोणतं तेही होतं. पण या गाड्या रस्त्यावर ताशी किती वेगानं धावणार, याबद्दल एक अक्षर नव्हतं. प्रवाशाच्या दृष्टीनं सगळं त्यावरच ठरतं, म्हणून हे पत्र लिहितो आहे. पत्र लांबलं तर क्षमा असावी.

मी १९८६ साली शहर बससेवेत वाहक म्हणून लागलो. आठ वर्षं तिकिटं फाडली, बेल मारली. गुडघा दुखायला लागला तेव्हा वेळापत्रक विभागात टेबलावर बसवलं, ते २०१८ मध्ये निवृत्त होईपर्यंत. संगणक यायच्या आधी आम्ही वेळापत्रक कागदावर काढायचो. आलेखाचा मोठा कागद टेबलावर पसरायचा. आडवी बाजू म्हणजे घड्याळ, पहाटे पाचपासून रात्री बारापर्यंत. उभी बाजू म्हणजे थांबे. सातारा रस्त्याचा कागद असेल तर तळाला स्वारगेट, मग लक्ष्मीनारायण, पद्मावती, बालाजीनगर, भारती विद्यापीठ, आणि माथ्यावर कात्रज. प्रत्येक गाडी म्हणजे पेन्सिलची एक तिरकी रेघ. गाडी वेगात असेल तर रेघ चढी निघते, रखडत असेल तर आडवी पडते. गाडी शेवटच्या थांब्यावर विसावा घेते तिथे छोटीशी सपाट रेघ, आणि मग परतीची उतरती. सगळा कागद भरला की जाळं विणल्यासारखं दिसायचं. त्या जाळ्यात मोठं भोक दिसलं, की तिथे माणसं ताटकळत उभी राहणार हे टेबलावरच कळायचं. मग खोडरबर घ्यायचं आणि रेघा सरकवायच्या.

त्या टेबलावर मी चोवीस वर्षं काढली आणि तेवढ्या काळात माझ्या रेघा आडव्या होत गेल्या. मार्ग तोच, थांबे तेच, चालकही तेच कसलेले. रस्त्यावरच्या दुचाकी आणि कार मात्र वाढत गेल्या, आणि दर खेपेला वेळापत्रक नव्यानं लावताना धावेची वेळ पाच मिनिटांनी, सात मिनिटांनी वाढवावी लागली.

याचा अर्थ काय होतो ते आकड्यांत सांगतो. हिशेब साधा आहे. बारा किलोमीटरचा एक मार्ग घ्या. गाडी सरासरी ताशी १८ किलोमीटरनं धावली तर एका बाजूला ४० मिनिटं लागतात. दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं विसावा धरला, तर जाऊन-येऊन पूर्ण फेरी ९० मिनिटांची. या मार्गावर १५ गाड्या सोडल्या तर प्रवाशाला दर सहा मिनिटांनी बस मिळते. आता कोंडी वाढली आणि वेग १८ वरून १२ वर आला. एका बाजूला ६० मिनिटं लागली, फेरी १३० मिनिटांची झाली. गाड्या त्याच १५, पण आता दोन गाड्यांमधलं अंतर पावणेनऊ मिनिटांच्या आसपास गेलं. पुन्हा दर सहा मिनिटांनी गाडी द्यायची म्हटली तर २२ गाड्या लागतील. म्हणजे सात नव्या गाड्या, त्यांचे चालक, वाहक, इंधन, देखभाल असा सगळा खर्च करून प्रवाशाच्या पदरात काय पडलं? आधी जे होतं तेच.

माणसांचाही हिशेब बघा. आठ तासांच्या पाळीतून अर्धा तास जेवणाचा वजा केला तर ४५० मिनिटं उरतात. ९० मिनिटांच्या पाच फेऱ्या त्यात नेमक्या बसतात. १३० मिनिटांच्या तीनच. चौथी करायची तर चालकाला जादा थांबावं लागतं, आणि दिवसभर क्लच दाबून पाय भरून आलेल्या माणसाला ते सांगताना आम्हालाच अवघडल्यासारखं व्हायचं.

म्हणून मी म्हणतो की, बसला मोकळी वाट मिळाली आणि वेग १२ वरून पुन्हा १८ वर गेला, तर आहेत त्या १५ गाड्या २२ गाड्यांचं काम करतील. एकही नवी गाडी न घेता. केंद्राच्या मापदंडानुसार शहर बससेवा उत्तम म्हणायची तर दर लाख लोकसंख्येमागे साठ बस हव्यात. २०११ च्या जनगणनेत पुणे शहराची लोकसंख्या ३१ लाखांच्या वर आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाखांच्या वर होती. तेव्हाच्या माणसांसाठीच सुमारे २,९०० गाड्या लागल्या असत्या. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. तेव्हा नव्या गाड्यांची गरज आहे यात शंकाच नाही, त्या यायलाच हव्यात. पण त्या कोंडीत सोडल्या तर त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याइतक्या गाड्या कोंडीच गिळून टाकेल. वरच्या हिशेबात २२ पैकी सात गाड्या गेल्या त्या अशाच.

दुसरी गोष्ट थांब्यावर उभ्या राहणाऱ्यांना रोज दिसते, पण तिचं कारण फार जणांना ठाऊक नसतं. वीस मिनिटं बस नाही, आणि मग एकाच नंबरच्या तीन बस एकामागे एक. लोक चालकावर चिडतात, “डेपोतून एकदमच निघता का?” निघताना त्या बरोबर सहा-सहा मिनिटांच्या अंतरानंच निघालेल्या असतात. पहिली गाडी एखाद्या चौकात तीन मिनिटं अडकते. तेवढ्यात पुढच्या थांब्यावर माणसं वाढतात. चढायला वेळ जास्त लागतो, सुट्ट्या पैशांवरून वाहकाची हुज्जत होते, गाडी आणखी मागे पडते, त्याच्या पुढच्या थांब्यावर आणखी माणसं. मागच्या गाडीला माणसंच नसतात, ती थांबत नाही आणि पुढचीला येऊन चिकटते. सहा-सहा मिनिटांनी गाडी आली तर माणूस सरासरी तीन मिनिटं उभा राहतो. त्याच तीन गाड्या दर अठरा मिनिटांनी झुंडीनं आल्या तर सरासरी नऊ मिनिटं. गाड्या तेवढ्याच, खर्च तेवढाच, आणि वाट पाहणं तिप्पट. वर पहिली गाडी खच्चून भरलेली आणि तिसरी रिकामी. ती रिकामी गाडी बघून कोणी तरी म्हणतं, “बसला माणसंच नाहीत.”

सकाळी सहा-साडेसहाला आमच्या थांब्यावर ज्या बायका उभ्या असतात, त्यांच्याकडे बघून मी हे लिहितो आहे. मार्केट यार्डातून पालेभाजीचं गाठोडं घेऊन वर कात्रजकडे जाणाऱ्या काही, सोसायट्यांमध्ये पोळ्या करायला जाणाऱ्या काही. पोळ्यांचं काम करणाऱ्या एकीनं मला सांगितलं, “काका, पहिल्या घरी सातला पोचायचं असतं, म्हणून मी सहाची धरते. साडेसहाची वेळेवर येईल याची खात्री असती, तर पोराला अंघोळ घालून निघाले असते.” तिच्या घरातला रोजचा अर्धा तास वेळापत्रकावरच्या अविश्वासात जातो. गेल्या वर्षी, जून २०२५ मध्ये, दैनिक पास ४० रुपयांचा ७० झाला आणि मासिक पास ९०० चा १५००. तिनं तो भरला, कारण तिला दुसरा मार्ग नाही. ज्याला हप्त्यावर दुचाकी घेणं परवडतं तो मात्र त्याच महिन्यात शोरूममध्ये जातो. तो गेला की रस्त्यावर एक दुचाकी वाढते, बस आणखी हळू होते आणि आणखी एक प्रवासी तुटतो. हे चक्र मी कागदावर चोवीस वर्षं पाहिलं आहे.

आता बीआरटीबद्दल, म्हणजे बससाठी राखलेल्या वेगळ्या मार्गिकेबद्दल लिहितो. कात्रज–स्वारगेट–हडपसर हा देशातला पहिला बीआरटी मार्ग डिसेंबर २००६ मध्ये पुण्यात सुरू झाला. सुरुवातीच्या दिवसांत नवी धाववेळ मोजायला मला घड्याळ आणि वही देऊन गाडीत बसवलं होतं. सकाळी नऊची वेळ. शेजारच्या मार्गिकांमध्ये वाहनं खेटून उभी, आणि आमच्यापुढे मोकळा रस्ता. पद्मावती सोडल्यावर चालकानं माझ्याकडे न बघताच म्हटलं, “मास्तर, सकाळी नऊला या रस्त्यावर चौथा गिअर पडतोय बघा.” मी वहीत वेळ लिहायचीच विसरलो. त्या रात्री मी जो कागद काढला, त्यावरची त्या टप्प्यातली रेघ कित्येक वर्षांत पहिल्यांदा चढी निघाली. ती अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांच्या आधी सगळं उभं करायची घाई होती, आणि घाईत कच्चं राहिलं ते पायी चालणाऱ्याचं. रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यावर पोचायला धड सिग्नल नाही, पट्टे पुसलेले. चौकात बसला आधी सोडण्याची सोय नाही. वॉर्डन काही महिने दिसले, मग दिसेनासे झाले आणि दुचाकी आत शिरल्या. २०१४ च्या पावसाळ्यात माझी पत्नी मधल्या थांब्यावरून रस्ता ओलांडत होती. मार्गिकेतून उलट्या दिशेनं आलेल्या एका दुचाकीनं तिला उडवलं. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर होतं. त्यामुळे ज्यांनी बीआरटीला विरोध केला त्यांच्यातल्या अनेकांचं दुःख खरं होतं, हे मी घरातून जाणतो. पण चूक बसला वेगळी वाट देण्यात नव्हती. ती वाट राखली नाही आणि तिच्यापर्यंत माणसाला सुखरूप पोचवलं नाही, ही चूक होती. तिची दुरुस्ती सिग्नल, पट्टे, कठडे आणि माणूस उभा करून होते. आपण मात्र मार्गिकाच काढायला लागलो. नगर रस्त्यावर २०१६ मध्ये सुरू झालेली मार्गिका २०२३ पासून उखडली गेली. “मार्गिका रिकामीच असते, बाकीचा रस्ता तुंबलेला असतो,” हे तेव्हाचं सर्वांत लोकप्रिय वाक्य होतं.

या वाक्याला मला वेळापत्रकवाल्याचं उत्तर द्यायचं आहे. मिनिटाला एक बस गेली, एका बसमध्ये पन्नास माणसं धरली, तर त्या मार्गिकेतून तासाला तीन हजार माणसं जातात. तेवढीच माणसं कारमधून न्यायची, आणि कारमागे दीड माणूस धरला, तर दोन हजार कार लागतात. सिग्नल असलेल्या शहरी रस्त्याच्या एका मार्गिकेतून तासाला दोन हजार कार निघूच शकत नाहीत. पण बस एका जागेवरून जायला काही सेकंद लागतात. मिनिटातला उरलेला सगळा वेळ ती मार्गिका मोकळी दिसते. ती मोकळी दिसते म्हणजे ती चालते आहे. शेजारी कारमध्ये अडकलेल्या माणसाला ती मोकळी जागा दिसते, त्यातून गेलेली तीन हजार माणसं दिसत नाहीत. २००६ च्याच राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात रस्त्याची जागा वाहनांना नव्हे तर माणसांना वाटून द्या, असं सरकारनंच म्हटलं आहे. माझं मागणं त्याहून वेगळं नाही.

कोणी म्हणेल, आता मेट्रो आली आहे, बीआरटीचं काय घेऊन बसलात. मेट्रोबद्दल मला आपुलकी आहे. स्वारगेटहून जिल्हा न्यायालयापर्यंत जमिनीखालून पहिल्यांदा गेलो तेव्हा, ज्या पेठांमधून मी आठ वर्षं बेल मारत गेलो त्या आपल्या डोक्यावर आहेत, या विचारानं भरून आलं होतं. स्वारगेट–कात्रज मेट्रोलाही ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. ५.४६ किलोमीटर भुयारी मार्ग, खर्च २,९५४ कोटींच्या वर. मंजुरीच्या वेळी स्थानकं तीन होती, लोकांनी मागणी केल्यावर बालाजीनगर आणि बिबवेवाडी ही आणखी दोन घ्यायचं ठरलं. होऊ द्या. पण स्थानक ते घर हे अंतर कशानं कापायचं? आंबेगाव पठारावरच्या माणसानं, कोंढव्याच्या माणसानं स्थानकापर्यंत दुचाकीच काढायची असेल, तर तो ती थेट कामावर नेईल, वाटेत मेट्रोसाठी कशाला उतरेल? शिवाय मेट्रो पूर्ण होईपर्यंतची वर्षं आहेतच. त्या वर्षांत सातारा रस्ता खणला जाणार, आणि तेव्हा तर बसला राखीव वाट लागेलच, नाही तर माझ्या कागदावरची रेघ अगदीच आडवी होईल.

आपल्याकडे विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २००६ च्या सुमारास बांधला गेला आणि मेट्रोला आड येतो म्हणून २०२० च्या जुलैमध्ये पाडला. जेमतेम चौदा वर्षं. पूल बांधला तेव्हा त्या रस्त्यानं पुढे मोठी सार्वजनिक वाहतूक जाणार हे कोणाच्या कागदावर नव्हतं, किंवा असलं तरी दुसऱ्या खात्याच्या कागदावर होतं. महापालिका, बससेवा, मेट्रो, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि वाहतूक पोलीस यांची वेळापत्रकं आणि नकाशे एका टेबलावर पसरले नाहीत, तर असं पुन्हा होईल.

विजेच्या बसबद्दलही थोडं. २०१९ मध्ये त्या पुण्यात आल्या, भेकराईनगरला त्यांचा डेपो झाला. धूर नाही, आवाज नाही, चालकाचा क्लच सुटला. फार चांगलं झालं. पण विजेची गाडी कोंडीत उभी राहिली तरी तिचं वातानुकूलन चालूच असतं. बॅटरी उतरते आणि किलोमीटर मात्र वाढत नाहीत. मग ती भरदुपारी चार्जिंगला न्यावी लागते आणि मार्गावरची एक फेरी गळते. पर्यावरणासाठी घेतलेली गाडी पर्यावरणाच्या कामी यायची तर ती धावती राहिली पाहिजे, आणि तिच्यात तो दुचाकीवाला येऊन बसला पाहिजे. तो वेळेसाठीच येईल. त्याची आठ-दहा मिनिटं वाचली नाहीत, तर हवा सुधारण्यासाठी तो बसमध्ये येणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

माझी विनंती आहे ती अशी. नव्या गाड्या रस्त्यावर यायच्या आत, ज्या रस्त्यांवर मिनिटा-दोन मिनिटांनी बस जाते असे चार-पाच रस्ते निवडावेत. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ एवढा वेळ तरी एक मार्गिका बससाठी राखावी. सिमेंटचे कठडे लगेच बांधायची गरज नाही. रंग मारा, खांब लावा, आणि प्रत्येक चौकात माणूस उभा करा. महिना-दोन महिन्यांनी तो माणूस काढून घेऊ नका, मागच्या वेळी तिथंच घात झाला. रस्त्यालगतचं बेकायदा पार्किंग तेवढ्या वेळेपुरतं तरी कडकपणे हटवा. २०१८ मध्ये मंजूर झालेलं पार्किंग धोरण कपाटातून बाहेर काढा. थांब्यापाशी ओलांडायला सिग्नल द्या, आणि त्याचे सेकंद माझ्या पत्नीच्या वयाच्या बाईच्या चालीनं मोजा. जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केले तेव्हा “धंदा बुडेल, रस्ता तुंबेल” असं म्हणणारे होतेच. आज तिथे आजी-आजोबा बाकावर बसलेले दिसतात. करायचं ठरवलं तर या शहराला जमतं.

आणि मोजा. गाड्यांत आता जीपीएस आहे. आम्ही घड्याळ आणि वही घेऊन फिरायचो, तुमच्याकडे गाडी कुठे आहे याची नोंद आपोआप होते. कोणत्या मार्गावर सकाळी नऊला किती वेळ लागला, दोन गाड्यांमध्ये किती अंतर पडलं, हे दर महिन्याला आपल्यासारख्या वर्तमानपत्रांत छापून येऊ द्या. किती गाड्या घेतल्या याबरोबरच थांब्यावर माणूस किती मिनिटं उभा राहिला हेही लोकांना कळलं पाहिजे. वाट पाहण्याची मिनिटं कमी होत असतील तर मार्गिकेच्या बाजूनं हेच प्रवासी उभे राहतील, आणि होत नसतील तर काय चुकतंय ते कळेल. वेळापत्रकही ताशी बदलत्या वेगाप्रमाणे लावा. सकाळी सहाची आणि सकाळी नऊची धाववेळ एकच छापली, तर एक गाडी टोकाला उगाच उभी राहते आणि दुसरी दिवसभर उशिरानं धावते.

डिसेंबर २००६ चा तो कागद निवृत्तीच्या दिवशी साहेबांची परवानगी घेऊन मी घरी आणला. घड्यांवर फाटला आहे, पेन्सिल पुसट झाली आहे, पण स्वारगेट ते कात्रज त्या रेघा अजून दिसतात. नव्या गाड्यांचं नियोजन करणाऱ्यांपैकी कोणाला तो बघावासा वाटला, तर कळवावं. मी सकाळी सहाची बस धरून घेऊन येईन.

आपला नम्र,
वेळापत्रक विभागातील एक निवृत्त कर्मचारी
धनकवडी, पुणे